बर्डवेलांच्या घरातली भांडणं

मागच्या अंकात मी ‘फ्रेंडली पर्स्वेजन’ या १९५६ सालच्या अमेरिकन चित्रपटाविषयी लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं प्रश्नोत्तरांचं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. तो अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेत उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत यादवी युद्ध पेटलेलं आहे. इंडियाना राज्याच्या दक्षिणेला बर्डवेल नावाचं, क्वेकर या ख्रिस्ती पंथातलं कुटुंब शेती करून राहतं. वडील जेस, आई एलायझा, मोठा मुलगा जॉश, मुलगी मॅटी आणि धाकटा, त्याचंही नाव जेस. क्वेकर पंथात शस्त्र धरणं निषिद्ध आहे. गुलामगिरीलाही त्यांचा सक्त विरोध आहे, आणि युद्ध तर गुलामगिरीवरूनच चाललंय. अशात दक्षिणेच्या सैन्याची घोडेस्वार टोळी त्यांच्या नदीपर्यंत येऊन ठेपते. दिग्दर्शक विल्यम वायलर. वडिलांच्या भूमिकेत गॅरी कूपर, आई डोरोथी मॅग्वायर आणि जॉश म्हणजे कोवळ्या वयातला अँथनी पर्किन्स.

प्रश्न : तुमचं वाचून आम्ही घरी सगळ्यांनी मिळून बघितला. खरं सांगू? अर्धा चित्रपट संपला तरी युद्धाचा पत्ता नाही. घोड्यांची शर्यत काय, पेटी काय, हंसी काय! मजा आली, पण एवढ्यासाठी लोक सत्तर वर्षं हा चित्रपट का बघतायत? (सांगली)

तुम्ही ज्याला ‘पेटी काय’ म्हणता, त्या पेटीपाशीच चित्रपटाचा जीव आहे असं मला वाटतं.

पुन्हा एकदा तो भाग आठवून बघा. क्वेकरांच्या सभेत गाणं नाही, वाद्य नाही. बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे, सगळे गप्प बसतात, आणि ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो. शेजारी मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या देवळात मात्र खणखणीत गाणी चाललेली असतात. जेस बर्डवेलला संगीताची ओढ आहे. जत्रेत तो ऑर्गन, म्हणजे तुमची ‘पेटी’, बघतो आणि बायकोला न विचारता मागवतो. एलायझा साधी गृहिणी नाही, ती पंथातली उपदेशिका आहे. तिच्या घरात ऑर्गन म्हणजे गावापुढे नाचक्की. ती सांगते, ही वस्तू घरात आली तर मी बाहेर. ऑर्गन आत जातो. एलायझा खरोखर गोठ्यात झोपायला जाते.

आता इथे दुसरा कुठलाही चित्रपट एकाला शहाणा आणि दुसऱ्याला मूर्ख ठरवून मोकळा झाला असता. इथे रात्री जेस अंथरूण काखेत मारून गोठ्यात जातो. सकाळी दोघं एकत्र घराकडे येतात, आणि तडजोड ठरते की ऑर्गन राहील, पण माळ्यावर. ती शब्दाला जागली आणि त्याचाही ऑर्गन गेला नाही. पुढे पंथातले वडीलधारे भेटीला येतात तेव्हा माळ्यावर मॅटी नेमकी ऑर्गन वाजवत असते. आवाज दाबायला जेस डोळे मिटून मोठमोठ्याने प्रार्थना सुरू करतो. लांबवतो, आणखी लांबवतो. पाहुणे भारावतात. आम्ही वाचनालयाच्या सभागृहात मुलांना हा चित्रपट दाखवतो तेव्हा या जागी सभागृह डोक्यावर घेतलं जातं, आणि मागे बसलेले आजी-आजोबा मुलांपेक्षा जास्त हसतात.

पण हसताना आपल्याला कळत नाही की हे घर आपल्याला काय शिकवून ठेवतंय. या घरात एका छपराखाली दोन वेगळ्या सदसद्विवेकबुद्धी नांदू शकतात. नवरा-बायकोचं पटत नाही, तरी कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही. दर रविवारी सभेला जाताना जेस शेजारच्या सॅम जॉर्डनशी बग्गीची शर्यत लावतो. एलायझाला ते बिलकूल खपत नाही, पण ती त्याच्याच शेजारी बसते, टोपी सांभाळत. नंतर बंदुकीचा प्रश्न येतो तेव्हा हेच घर, हीच माणसं, हाच वाद असतो. फक्त या वेळी पणाला मुलाचा जीव आहे. पहिल्या तासातल्या ऑर्गनशिवाय शेवटच्या तासातली बंदूक नुसती बातमी ठरली असती.

म्हणून तो पहिला तास मी कधीच पुढे ढकलू देत नाही. फक्त विधवा हडस्पेथबाई आणि तिच्या लग्नाळू मुलींचा भाग मला आजही फार ताणलेला वाटतो. जेस आणि तिच्यात घोड्यांची अदलाबदल व्हायला तो हवा हे कबूल, पण उंच-धिप्पाड मुली एका लाजऱ्या मुलाच्या मागे धावतात यात हसण्यासारखं जे होतं ते १९५६ मध्येच राहिलं.

प्रश्न : मी इतिहासाची शिक्षिका आहे. श्रेयनामावलीत पटकथाकाराचं नावच दिसलं नाही. माझ्या प्रतीतच काही गडबड आहे का? (पुणे)

तुमच्या प्रतीत गडबड नाही. १९५६ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पटकथाकाराचं नाव पडद्यावर नव्हतंच. नुसतं मूळ पुस्तकाच्या लेखिका जेसमिन वेस्ट यांचं श्रेय होतं.

पटकथा मायकेल विल्सन यांची. दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या त्यांनी ती दिग्दर्शक फ्रँक काप्रासाठी लिहिली, पण काप्राच्या हातून तो चित्रपट झाला नाही. १९५१ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे कम्युनिस्ट असल्याच्या प्रश्नांना उत्तर द्यायला विल्सन यांनी नकार दिला. त्यानंतर हॉलिवुडने त्यांचं नाव काळ्या यादीत टाकलं. वायलरनी जुनी पटकथा बाहेर काढून, तिच्यात बदल करून चित्रपट केला, तेव्हा लेखकाचं नाव देण्याची कोणाची छाती झाली नाही. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि लेखक नियमाने अपात्र ठरला. पुढच्या वर्षी कान महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. विल्सन १९७८ मध्ये वारले. त्यांचं श्रेय त्यांना अधिकृतपणे परत मिळालं ते १९९६ मध्ये.

तुमच्या वर्गासाठी आणखी एक दुवा देते. १९८८ च्या मे महिन्यात अध्यक्ष रेगन मॉस्कोला गेले तेव्हा त्यांनी गोर्बाचेव्ह यांना याच चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट भेट दिली आणि मेजवानीच्या भाषणात त्याविषयी बोलले. युद्धाची शोकांतिका, शांततावाद्यांची अडचण, देशप्रेम, सगळं यात आहे असा त्यांचा सूर होता. हेच रेगन १९४७ मध्ये हॉलिवुडच्या नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्याच चौकशी समितीपुढे तिला अनुकूल साक्ष द्यायला गेले होते. ज्याला त्या काळात गप्प केलं त्याची पटकथा चाळीस वर्षांनी दोन महासत्तांच्या भेटीत मध्ये ठेवली गेली. मुलांना शीतयुद्ध शिकवताना धड्यातल्या करारांच्या तारखांबरोबर हेही सांगा, त्यांच्या लक्षात राहील.

प्रश्न : मला चित्रपट आवडला, पण शेवटी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. आयुष्यभर अहिंसा सांगणारा बाप मुलाला लढाईला जाऊ देतो, स्वतः बंदूक घेऊन निघतो, आणि आई सैनिकाला झाडूने बडवते! मग ही अहिंसेची हारच नाही का? गांधीजींच्या देशातल्या माणसाला हे कसं पटावं? (नागपूर)

तुमच्या पत्रातली चीड खरी आहे. हा आक्षेप चित्रपटावर पहिल्यापासून घेतला गेलाय. मी त्याच्याशी पुष्कळ वर्षं झगडले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जॉशबद्दल. सैन्यातला अधिकारी क्वेकरांच्या सभेत येऊन विचारतो, तुमच्यातले कोणी लढायला येणार का? तेव्हा पर्डी नावाचा एक वडीलधारा सर्वांत मोठ्या आवाजात सांगतो की कुठल्याही परिस्थितीत हात उचलणार नाही. जॉशला विचारलं तर तो म्हणतो, मला ठाऊक नाही. त्या सभेत तो एकटाच स्वतःच्या आत बघून बोलतो. पुढे पर्डीचं स्वतःचं धान्याचं कोठार जळतं, आणि तोच बंदूक घेऊन बर्डवेलांच्या दारात येतो आणि शांत राहणाऱ्या जेसला बोल लावतो. चित्रपटाने इथे निकाल दिलाय तो या पर्डीविरुद्ध. ज्याची अहिंसा परीक्षा होईपर्यंतच टिकते त्याच्याविरुद्ध.

जॉश जातो आणि लढतो. पण तो ओक्साबोक्शी रडत गोळ्या झाडतो. पर्किन्सचा तो चेहरा बघून कोणत्याही मुलाला युद्धावर जावंसं वाटेल असं मला वाटत नाही. मूळ पुस्तकात हे नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. तिथे जॉश गावरक्षक दलाबरोबर जातो, अंधारात कड्यावरून पडून जायबंदी होतो आणि हल्ला करणारे दुसऱ्या वाटेने निघून जातात. लेखिकेने त्याच्या हातून रक्त सांडू दिलं नाही. चित्रपटाने सांडू दिलं. हा बदल चित्रपटाला जड गेला असं काही जण म्हणतात. मला तो प्रामाणिक वाटतो. वायलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलात होते, बॉम्बफेकी विमानांतून उड्डाणं करून त्यांनी माहितीपट काढले आणि त्यात एका कानाची श्रवणशक्ती गमावली. जन्माने ते अल्सास प्रांतातले ज्यू. हिटलरविरुद्धच्या युद्धाला चूक म्हणणं त्यांना शक्य नव्हतं, आणि युद्ध म्हणजे काय हे ते जवळून बघून आले होते. हे दोन्ही त्या रडणाऱ्या चेहऱ्यात आहे.

आता बाप. जॉशचा घोडा स्वाराविना परत येतो तेव्हा जेस बंदूक घेऊन मुलाला शोधायला निघतो, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण त्या बंदुकीचं पुढे काय होतं? वाटेत त्याला मित्र सॅम जॉर्डन दिसतो, दबा धरून बसलेल्या एका सैनिकाच्या गोळीने मरणाच्या दारात. तोच सैनिक जेसवरही गोळी झाडतो. दोघांची झटापट होते, बंदूक जेसच्या हाती येते. समोर मित्राचा खुनी आहे. आणि जेस त्याला जाऊ देतो. जेसमिन वेस्ट चित्रीकरणात सल्लागार होत्या. त्यांनी लिहून ठेवलंय की कूपरला काळजी होती, माझ्या चित्रपटात प्रेक्षक माझ्याकडून काहीतरी करण्याची अपेक्षा करतात. त्यावर त्यांनी त्याला समजावलं की तू करशीलच, तू स्वतःला आवरशील, आणि बळकट माणसाने स्वतःला आवरणं ही तुझ्या प्रेक्षकांना नवी गोष्ट असेल. आयुष्यभर पडद्यावर पिस्तूल चालवलेल्या नटाकडून हे करवून घेतलं, म्हणून ते इतकं लागतं. अशक्त माणसाने सोडून दिलं असतं तर कोणाला काय वाटणार होतं?

आईचा झाडू. एलायझा त्या टोळीला घरात घेते, पोटभर जेवायला घालते, कोंबड्या नेऊ देते. म्हणजे मोठ्या परीक्षेत ती पूर्ण उतरते. मग एक सैनिक तिच्या लाडक्या हंसीची मान धरतो आणि तिचा हात सुटतो. मला यात अहिंसेची हार दिसत नाही. धर्माने वागणारं माणूसही एखाद्या क्षणी कसं निसटतं ते दिसतं, आणि निसटल्यावर तिला स्वतःलाच किती धक्का बसतो तेही.

राहिले गांधीजी. १९२० साली ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिलं होतं की भ्याडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय उरले तर मी हिंसेचा सल्ला देईन. त्याच लेखात त्यांनी थोरल्या मुलाचा प्रश्न सांगितलाय. १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गांधीजींवर जीवघेणा हल्ला झाला, तेव्हा मी तिथे असतो तर काय करायला हवं होतं, असं मुलाने विचारलं होतं. गांधीजींचं उत्तर होतं की प्रसंगी बळ वापरूनही माझं रक्षण करणं हे तुझं कर्तव्य होतं. अहिंसा त्याहून कितीतरी श्रेष्ठ, हेही त्यांनी तिथेच लिहिलं. जेस बर्डवेल एलायझाला जे सांगतो ते याच्या जवळ जातं: माणूस स्वतःच्या विवेकाप्रमाणे जगला नाही तर त्या जगण्याला किंमत नाही, आणि तो विवेक मी जॉशच्या वतीने वापरू शकत नाही.

माझे वडील सर्वोदयाचं काम करायचे. घरात चरखा होता, आणि मांसाहारापासून मोठ्या आवाजात बोलण्यापर्यंत बऱ्याच गोष्टींना बंदी होती. माझा थोरला भाऊ १९७१ मध्ये सैन्यात भरती झाला. वडिलांनी त्याला एका शब्दाने अडवलं नाही आणि एका शब्दाने आशीर्वादही दिला नाही. आदल्या रात्री त्याच्या होल्डॉलचा तुटलेला पट्टा मात्र त्यांनी दाभण घेऊन शिवून दिला. भाऊ सुखरूप परत आला. पुढे पंधरा-वीस वर्षं दोघं जेवताना युद्ध आणि शांती यावर वाद घालत राहिले, कोणीही माघार घेतली नाही. मी हा चित्रपट पहिल्यांदा बघितला तो त्या वर्षांत. म्हणून माझ्या मते तो अहिंसा जिंकते की हरते हे सांगायला बनवलेलाच नाही. ज्या घरात हा प्रश्न खरोखर येतो, त्या घराने एकमेकांना धरून कसं राहावं हे तो दाखवतो. तुम्हाला वैचारिक निकाल हवा असेल तर तो इथे मिळणार नाही, आणि ती उणीव आहे असं मला वाटत नाही.

प्रश्न : समांथाला शेवटी मारतात का? आई म्हणते आधी विचार, मगच बघायचं. (इयत्ता पाचवी, रत्नागिरी)

नाही, समांथा जिवंत राहते. ती हंसी धाकट्या जेसला पहिल्याच दृश्यात चावायला धावते आणि शेवटपर्यंत तिचं आणि त्याचं पटत नाही. आईला निर्धास्त सांग. पण लढाईच्या वेळी आई किंवा बाबांना शेजारी बसव.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त इंडियानापोलिसला राहतो. इथल्या मित्रांनी या चित्रपटाचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, तुमच्या लेखातून मला कळलं! ही गोष्ट खरी आहे का? आणि मुलांना घेऊन बघण्यासारखं जवळपास काय आहे?

तुम्ही अगदी मोक्याच्या जागी आहात. चित्रपट स्वतः कॅलिफोर्नियात चित्रित झाला, पण गोष्ट तुमच्या दक्षिणेच्या जेनिंग्स काउंटीतली. जेसमिन वेस्ट यांचा जन्म १९०२ मध्ये तिथेच झाला. लहानपणीच कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं, पण पणजोबा-पणजीच्या गोष्टी आईच्या तोंडून त्यांच्यापर्यंत आल्या. पणजोबा जोशुआ मिलहाउस रोपवाटिका चालवायचे आणि पणजी एलिझाबेथ क्वेकर उपदेशिका होती. हेच जेस आणि एलायझा. वेस्ट यांना तरुणपणी क्षयरोगाने गाठलं, त्या दीर्घ आजारपणातून उठताना त्यांनी लिहायला घेतलं, आणि १९४५ मध्ये या कथांचं पुस्तक आलं. याच मिलहाउस घराण्यातून अध्यक्ष निक्सन यांची आई आली. निक्सन आणि जेसमिन वेस्ट नात्यातले.

दक्षिणेच्या सैन्याची स्वारीही खरी आहे. चित्रपट १८६२ साल सांगतो, प्रत्यक्षात जॉन हंट मॉर्गन या दक्षिणी सेनानीने ८ जुलै १८६३ ला ओहायो नदी ओलांडली, सुमारे दोन हजार घोडेस्वार घेऊन. दुसऱ्या दिवशी कॉरिडनला गावरक्षक दलाने त्यांना अडवलं. शेतकरी, दुकानदार अशी साधी माणसं होती. तासाभरात ती हटली. ११ तारखेला मॉर्गन जेनिंग्स काउंटीतल्या व्हर्नन गावापाशी आला आणि शरण या म्हणाला. गावाने नकार दिला. तो वळसा घालून ड्युपाँटला गेला, तिथे त्याच्या माणसांनी एका मांसाच्या कोठारातून डुकराच्या खारवलेल्या मांड्या लुटल्या आणि खोगिरांना लटकवून पुढे निघाले. जुलैच्या २६ तारखेला ओहायो राज्यात तो पकडला गेला. बर्डवेलांच्या घरात सैनिक कोंबड्यांमागे आणि हंसीमागे का धावतात याचं उत्तर त्या मांड्यांत आहे. दिवसदिवस घोड्यावर असलेली ती भुकेली माणसं होती.

मुलांना व्हर्नन आणि कॉरिडन दोन्ही दाखवा. पण वेळ एकाच ठिकाणाला असेल तर मी तुम्हाला पूर्वेकडे, रिचमंड शहराच्या वर, फाउंटन सिटीला पाठवीन. त्या काळी त्या गावाचं नाव न्यूपोर्ट होतं. तिथे लिव्हाय आणि कॅथरीन कॉफिन या क्वेकर जोडप्याचं विटांचं घर जपून ठेवलंय. दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना हे जोडपं आसरा द्यायचं आणि रातोरात उत्तरेकडे पोहोचवायचं.

आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण चित्रपटात नेमकी ही बाजू लंगडी आहे. बर्डवेलांच्या शेतावर ईनक नावाचा कृष्णवर्णीय गडी आहे, गुलामगिरीतून निसटून आलेला. दक्षिणेचं सैन्य येतंय म्हटल्यावर सर्वांत जास्त धोका कोणाला? त्यालाच. पकडला गेला तर पुन्हा बेड्या. त्याची बायको-मुलं अजून तिकडेच आहेत. तो लढायला निघतो तेव्हा त्याच्या निर्णयाला दोन-चार वाक्यं मिळतात आणि जॉशच्या निर्णयाला अर्धा तास. जोएल फ्लुएलन या नटाने मिळालेल्या जागेत जीव ओतलाय, पण जागाच थोडी दिली. आमच्या सभागृहात चित्रपट संपल्यावर मी मुलांना सगळ्यात आधी ईनकबद्दल बोलायला लावते. तुम्ही कॉफिन यांच्या घरी उभे राहून तेच करू शकाल.

प्रश्न : क्वेकर मंडळी आपल्याकडे कधी होती का? की हे फक्त इंग्लंड-अमेरिकेतलं प्रकरण? (वर्धा)

वर्ध्याहून हा प्रश्न यावा याचा मला आनंद झाला, कारण उत्तर तुमच्या शेजारी आहे. मार्जरी साइक्स या इंग्रज बाई १९२८ मध्ये मद्रासला शाळेत शिकवायला आल्या, पुढे क्वेकर झाल्या, शांतिनिकेतनात राहिल्या आणि स्वातंत्र्यानंतर सेवाग्रामला आल्या. नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवण्याचं काम त्यांनी तिथे वर्षानुवर्षं केलं. नागालँडमध्ये शांततेची बोलणी चालू होती तेव्हा त्या तिथेही जाऊन राहिल्या. सेवाग्रामला जाल तेव्हा नई तालीमच्या परिसरात त्यांची आठवण काढा. दुसरे होरेस अलेक्झांडर. १९४७ च्या ऑगस्टमध्ये दंगलीने पेटलेल्या कलकत्त्यात ते गांधीजींबरोबर होते.

तुमच्यापासून उत्तरेला, नर्मदेकाठच्या होशंगाबादला (आताचं नर्मदापुरम), रसूलियात क्वेकरांचं जुनं केंद्र आहे. १९७२ मध्ये या केंद्राने ‘किशोर भारती’ संस्थेबरोबर सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. खेळणी करून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता आपल्याकडे घराघरात माहीत आहेत, त्यांनाही तरुणपणी दिशा मिळाली ती याच होशंगाबादच्या कार्यक्रमात. १९४७ सालचं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन क्वेकर संस्थांना मिळालं, दोन महायुद्धांत आणि नंतर दोन्ही बाजूंच्या उपाशी-बेघर लोकांसाठी केलेल्या कामाबद्दल. जेस बर्डवेलची बंदूक न चालवणं एवढ्यावर ही माणसं थांबत नाहीत, हे चित्रपटात फारसं येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

प्रश्न : यादवी युद्धात क्वेकर मुलं खरोखर लढली का? आणि ऑर्गन घेतला म्हणून पंथातून काढून टाकत होते का? (सोलापूर)

लढली. इंडियानातल्या बऱ्याच क्वेकर तरुणांनी वर्दी चढवली. काहींना पंथाने बाहेर काढलं, पण परत येऊन सभेपुढे दिलगिरी व्यक्त केली तर पुष्कळांना पुन्हा घेतलं गेलं. जे लढायला तयार नव्हते त्यांच्यासाठी १८६४ मध्ये कायदा झाला. इस्पितळात सेवा करा, मुक्त झालेल्या गुलामांसाठी काम करा, किंवा ३०० डॉलर भरा. पैसे भरणंही अनेकांनी नाकारलं, कारण ते युद्धालाच मदत केल्यासारखं होतं.

ऑर्गनबद्दल म्हणाल तर त्या काळी वडीलधारे घरी येऊन समज देत. चित्रपटातली ती भेट अगदी शक्य कोटीतली आहे. मात्र युद्धानंतर इंडियानाच्या क्वेकरांत मोठी धार्मिक लाट आली. अनेक सभांनी पगारी पाद्री नेमले, भजनं सुरू झाली, आणि यथावकाश ऑर्गनही आला. जॉशची मुलं मोठी झाली असतील तोवर माळ्यावरचं ते वाद्य सभागृहात उतरवायलाही कोणी हरकत घेतली नसती. एलायझाने घेतली असती असं मला वाटतं, आणि तिच्या बाजूनेही मी बोलले असते.